मुंगीचं कडवं

कौसल्या ज्या खोलीत बसायची तिथे दिवसभर पाण्याचे फोन यायचे. बीड शहरात त्या उन्हाळ्यात नळ नावालाच उरले होते, सगळा कारभार टँकरवर चाललेला; आणि टँकर आला नाही, आला तर गल्लीच्या तोंडावरनंच परतला, शेजारच्या आळीत दोनदा गेला, अशा सगळ्या रागांचं शेवटचं ठिकाण म्हणजे कौसल्याचं टेबल. हे काम करता करता तिला एक खोड लागली होती. माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. मग त्या आवाजावरून ती माणूस उभा करायची. ही बाई जिना चढून आलीय. ह्या बुवाच्या समोर बायको बसलीय म्हणून त्याला जोर चढलाय. हा पोरगा ओरडतोय खरा, पण रडायला आलाय. बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर निघायचा. ती नवऱ्याला, मोहनरावांना, हे कौतुकानं सांगायची आणि ते म्हणायचे, तू ज्योतिष का नाही बघत, निदान पाऊस तरी सांगशील. त्या दुपारी फोन जरा थंडावले तेव्हा तिनं डबा उघडला, एका हातानं भाकरी मोडली आणि दुसऱ्या हातानं सुरैयानं मोबाइलवर पाठवलेलं काहीतरी उघडलं. सुरैया तिची लहानपणीची मैत्रीण, कडा गावाजवळच्या त्यांच्या खेड्यातल्या इसाकभाई ड्रायव्हरची मुलगी. आता बीडातच नवऱ्याबरोबर फळांचं दुकान बघते, आणि गिऱ्हाईक नसलं की गुलाबाची फुलं, देशी औषधं आणि मांजरांचे उद्योग सगळ्यांना पाठवत बसते. कौसल्याला वाटलं, असेल तसंच काही. चित्र आधी धड दिसेना. करड्या रेघा वरून खाली सरकत होत्या. पण आवाज आला. आधी पेटी, मग ढोलकी, मग पोरांचा गलका, आणि मग बाकीचे सगळे थांबले नि एकच आवाज वर गेला, सरळ, कसलाही नखरा न करता. कौसल्याच्या हातातला तुकडा डब्यात पडला. तो आवाज तिच्या मायचा होता.

माय जाऊन सहा वर्षं झाली होती. मुक्ताबाई. तिचा फोटो घरात एकच, कुठल्याशा कार्डासाठी काढलेला, त्यात तिला सारखी शिंक येईलसं वाटत होतं. आवाज तर कुठेच नव्हता. शेवटच्या दिवसांत घरात मोबाइल आले होते, पण मायनं कधी त्यात बोलायचं मनावर घेतलं नाही. फोन कानाला लावला की ती नुसती मान हलवायची आणि पलीकडच्यानं ती समजून घ्यावी अशी तिची अपेक्षा असायची. आणि आता ती भर दुपारी पाणीपुरवठ्याच्या खोलीत, फायलींच्या कपाटासमोर गात होती. ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी ती एक श्वास आत ओढायची, घाईघाईनं, दारात कुणी आलं की बाई पदर ओढते तसा. तो श्वाससुद्धा आला. मग रेघा ओसरल्या आणि चित्र दिसलं. निळ्या कापडाचा समुद्र, पुठ्ठ्याची होडी, तिच्याभोवती कोळ्याच्या वेषातली पोरं. डोक्याला लाल टोप्या, पोरींना गुडघ्यापर्यंत नेसवलेली लुगडी. मधोमध दोन वेण्यांची काळीसावळी पोरगी तोंड उघडत होती, मिटत होती, आणि तिच्या तोंडातून माय बाहेर येत होती. ती पोरगी कौसल्या होती. तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. टेबलावरचा फोन वाजू लागला, वाजून वाजून थांबला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तिनं कुणाची तरी तहान वाजू दिली.

ते गाणं झालं त्या सालचा दुष्काळ वेगळा होता, असं अण्णा म्हणतात. अण्णा म्हणजे तिचे वडील, सुंदरराव. माणसाला आपल्या जवानीतला दुष्काळसुद्धा आताच्या दुष्काळापेक्षा बरा वाटतो. त्या साली गावाच्या विहिरींनी तळ दाखवला होता, ऊस वाळून सरपण झाला होता आणि गावातली सगळी गुरं माळावरच्या छावणीत बांधलेली होती. अण्णा गावच्या दूध सोसायटीचे सचिव. सोसायटी त्यांनीच उभी केली होती, घरोघर फिरून, लोकांच्या शेळ्यांशीसुद्धा गोड बोलून. दुधाचे कॅन निम्म्यावर आले तरी ते पहाटे पांढरा सदरा घालून सोसायटीच्या ओट्यावर उभे राहायचे. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून सोसायटीला एक टीव्ही मिळालेला होता. तो कुलपाच्या लाकडी खोक्यात असायचा आणि त्या कुलपाची किल्ली अण्णांच्या जानव्याला बांधलेली आहे असं गावात विनोदानं म्हणत, कारण अण्णांच्या गळ्यात जानवं नव्हतंच. शाळेतले त्रिंबक गुरुजी पेटी वाजवायचे. त्यांनी ह्याच दिवसांत पोरांसाठी एक गाणं रचलं. ढगाच्या दाराला कुलूप लागलंय आणि किल्ली हरवलीय, असं ते गाणं. पोरं एकेकाला विचारत जातात. चिमणी म्हणते मी नाही नेली, सरडा म्हणतो मी नाही नेली, आणि शेवटी मुंगीची पाळी येते. मुंगीचं कडवं एकटीनं म्हणायचं होतं आणि ते फार वर जायचं.

किल्ली माझ्या बिळात गं,
बीळ माझं कोरडं गं,
घेऊन जाय बाई किल्ली तुजी,
थेंब मला एक धाड गं.

हे कडवं गुरुजींनी कौसल्याला दिलं. तालमी सोसायटीच्या ओट्यावर व्हायच्या, कारण गावात सावली तिथेच होती. पलीकडे माय सोसायटीचे कॅन राखेनं घासत बसलेली असायची. पाणी नव्हतं म्हणून राख. जिल्ह्याच्या स्पर्धेत गाणं पहिलं आलं आणि मुंबईच्या टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. गावात मुंबई पाहिलेली माणसं होती, पण मुंबईनं पाहिलेलं माणूस एकही नव्हतं. अण्णांनी छावणीत गुरांच्या गव्हाणीवर उभं राहून ही बातमी सांगितली असं म्हणतात. ते स्वतः मात्र गेले नाहीत. छावणी सोडून कसं जाणार, रात्रीतून चारा संपला तर लोक कुणाकडे बघतील. पोरींबरोबर एक बाईमाणूस हवं म्हणून माय निघाली. सोसायटीच्या टेम्पोत एका बाजूला रिकामे कॅन, दुसऱ्या बाजूला पोरं, मधे पेटी गोधडीत गुंडाळलेली. इसाकभाई गाडी चालवत होते आणि प्रत्येक वळणाला पोरांना ओरडून सांगत होते, धरून बसा रे, घाट आला. कॅन अख्खी वाट वाजत राहिले. कौसल्याला मुंबई म्हटलं की अजूनही आधी समुद्र आठवत नाही, रिकाम्या कॅनांचा आवाज आठवतो.

आणि मग ते पाणी. टीव्हीच्या इमारतीत एका भिंतीला टेकून पत्र्याचं कपाट उभं होतं, त्याला तोटी होती, तोटी दाबली की पाणी, तेही बर्फासारखं, आणि पुरे म्हणणारं कुणी नाही. गावाकडे पिंपातलं टँकरचं पाणी कोमट व्हायचं, त्याला गंज आणि डिझेलचा वास यायचा, आणि दोघांत एक तांब्या अशी रीत होती. पोरांनी रांग लावली. पिऊन झालं की परत रांगेच्या शेवटी. पोटं टम्म झाली तरी कुणी हटेना, कारण पाणी समोर असताना तिथून निघून जायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळ्यांत जास्त प्यायली ती कौसल्या. गुरुजींनी तिला बजावलं होतं की मुंगीचं कडवं वर आहे, गळा ओला ठेव. तिनं इमानेइतबारे ओला ठेवला. मग थंड हवेच्या बंद खोलीत त्यांना उभं केलं, काचेपलीकडल्या माणसानं बोट हलवलं, चिमणी झाली, सरडा झाला, आणि मुंगीच्या वेळी कौसल्यानं तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा नुसती घरघर. त्या जागेची कामाची पद्धत अशी होती की आज फक्त आवाज भरायचा, उद्या तो आवाज लावून पोरांनी ओठ हलवायचे नि चित्र घ्यायचं. खोली ह्यांना तेवढ्याच वेळापुरती मिळालेली. बाहेर दुसरी एक शाळा, इस्त्रीच्या कपड्यांतली, वाट बघत उभी होती. सुरैयाला तेवढं वर जाता येईना. गुरुजींनी पट्टी उतरवून पाहिली तर गाणं झोपी गेल्यासारखं वाटायला लागलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, त्या गारठ्यात. तेव्हा कोपऱ्यात पोरींच्या रिबिनी नि भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली माय खाली बघतच म्हणाली, “मी म्हनू का गुरुजी? रोज ऐकते की.”

गुरुजींनी काय उत्तर दिलं ते कौसल्याला आठवत नाही. आठवते ती मायची पाठ. माय भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढला, जशी काही भिंतीतच कुणी सोयरी बसली होती नि तिच्याशी बोलायचं होतं. आणि गायली. कॅन घासणाऱ्या बाईच्या आत एवढी मोठी, एवढी कोवळी जागा असेल असं तिथल्या कुणालाच वाटलं नव्हतं. पोरांनी एकमेकांकडे बघायचंही सोडून दिलं. काचेपलीकडल्या माणसानं मान उचलली, आधी गुरुजींकडे मग त्या पाठीकडे पाहिलं, आणि अंगठा वर केला. मुंबईच्या माणसाला पुढचं विचारायला वेळ नव्हता. बाहेर आल्यावर कौसल्या रडायला लागली. लाजेनं, की आपलं काही हिसकावलं म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. मायनं तिचं नाक पुसलं, पोरांना जवळ घेतलं. गावात सासू होती, तुळजाबाई. जात्यावर म्हणायचं ते म्हणावं, उंबऱ्याबाहेर बाईचा गळा जाऊ नये, असं मानणारी. जाती बंद पडून गिरणी आली तेव्हा घरातल्या बायकांचं उरलंसुरलं गाणंही गिरणीच्या पट्ट्यात गेलं होतं. माय म्हणाली, “हे पोरांनो, हितंच ठिवायचं. कवशीच गायली. आवाज घरातलाच हाय, कुनाच्या तोंडातनं निघाला त्याला काय करायचं?” पोरांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी, मुलं कुठल्या तरी गावची आहेत आणि समुद्राचा देखावा तयारच उभा आहे, एवढ्या हिशोबावर त्यांना कोळ्यांचे कपडे दिले. पाण्याला तरसलेल्या मुंगीचं गाणं पुठ्ठ्याच्या होडीभोवती नाचून झालं.

आणि गावानं ते पाहिलंच नाही. कार्यक्रमाच्या दिवशी अण्णांनी टीव्ही ओट्यावर काढला, त्याला हार घातला, छावणीतली माणसं गुरं तशीच टाकून आली. चतुराबाई नावाच्या म्हातारीनं पडद्यापुढे तांदूळ टाकले. पण आपल्याकडच्या टॉवरला त्या काळी फक्त दिल्ली लागायची. मुंबईचं मुंबईत आणि तिच्या आसपास दिसायचं. हे कुणाला माहीत असणार? टीव्ही म्हणजे टीव्ही, इथून तिथून एकच, असं सगळे धरून चाललेले. पडद्यावर एक सूटवाले गृहस्थ हिंदीतून गव्हावरच्या तांबेरा रोगाची माहिती सांगू लागले. लोकांनी ती माहिती शेवटपर्यंत ऐकली. पोरं शेवटी येतील, मोठी माणसं आधी बोलतात, असं अण्णा समजावत होते. मग त्या गृहस्थांनी नमस्कार केला, बातम्या लागल्या आणि लोक उठले. पुढे बोलणी सुरू झाली. सुंदररावांची पोरं दिल्लीत अडकली. पोरं गेलतीच कुठं, मांजरसुंब्याच्या धाब्यावर जेवून परत आली. आणि तेव्हापासून अण्णांनी ते गाणं सांगायला सुरुवात केली. न पाहिलेलं, न ऐकलेलं. सांगता सांगता ते वाढत गेलं. निवेदिकेनं गावाचं नाव दोनदा घेतलं, मुंबईतल्या लोकांनी कौसल्याचा पत्ता मागवला, एका मोठ्या गवयानं म्हणे विचारलं ही मुंगी कोण. कौसल्याला पाहायला मोहनरावांकडची मंडळी आली तेव्हाही पोह्यांच्या आधी ते गाणं आलं.

तिनं मात्र नंतर कधी गायलं नाही. पंधरा ऑगस्ट असो की कुणाची हळद, माणसं म्हणायची, कौसल्या, मुंगीचं म्हण, आणि ती म्हणायची, गळा बसलाय. इतक्या वर्षांत तिचा गळा उठलाच नाही. लोकांना तो ताठा वाटला, आणि अण्णांना दुःख. एवढं मिळालं होतं पोरीला, नि तिनं टाकून दिलं, असं ते मायजवळ म्हणायचे, आणि माय चुलीत फुंकर घालायची. कौसल्याला त्या फुंकरीचा फार राग यायचा. एकदा तरी बोल की गं, असं वाटायचं. ते का वाटायचं? सुटका व्हावी म्हणून, की मायला कुणी तरी ओळखावं म्हणून? डब्यातली भाकरी वाळत चालली होती आणि ती हे स्वतःलाच विचारत होती. अण्णांनी आयुष्यात उभं केलेलं एकेक खाली बसलं. दूध सोसायटी बंद पडली. उपसा सिंचनाची संस्था काढली, तिचे पाइप माळावर राहिले आणि त्यांत मुंगुसं राहायला लागली. उरलं ते एक गाणं, आणि तेही कुणी पाहिलं नव्हतं म्हणूनच बहुतेक टिकलं. आता आपण त्यांना काय सांगायचं? की तुमची गाणारी लेक गायलीच नव्हती? आणि नाही सांगितलं, तर ज्या बाईबरोबर त्यांनी अख्खा संसार केला तिचा आवाज त्यांच्या कानावरून जाणार, नि तो तिचा आहे हे न कळताच. दोन्हीकडून ती आपल्याच माणसाचं काहीतरी काढून घेणार होती. तेवढ्यात सुरैयाचा फोन आला.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“रडलीस का?”

“डबा खात होते.”

“मी तर दुकानातच रडले. गिऱ्हाईक म्हनलं, भाभी, आंबे इतके आंबट हायत का.” सुरैया हसली, मग नाक ओढलं. तिचा पुण्यातला भाचा जुन्या टीव्हीचे कार्यक्रम शोधून शोधून बघत बसतो. त्या काळी कुणीतरी आपल्या घरी टेप करून ठेवलेलं, आता इंटरनेटवर चढवलंय. “नाव न्हाई, गाव न्हाई. नुसतं ‘कोळीगीत, बालकलाकार’ असं लिव्हलंय. आपला बंकट ढोलकी वाजवतोय तर खाली कुनी तरी लिव्हलंय, अस्सल कोळी ठेका. बंकटनं तळं बी बघितलं न्हवतं.”

कौसल्या हसली आणि हसताना डोळे भरून आले. सुरैयाचा आवाज खाली आला. “गावाच्या ग्रुपवर टाकावं वाटतंय. लई बोलनी खाल्ली आपुन. पर बायका ऐकतील गं. मुक्ताकाकूचा आवाज त्यांना लगीच कळंल. म्हनून आदी तुला इचारलं. अण्णाला म्हाईत हाय?”

“न्हाई.”

“मंग त्यांनी दुसऱ्याच्या तोंडातून ऐकू नये. तू सांग. सांगायचं नसंल तर तसं बी सांग, मी गप बसते. भाचा गप बसल का, ते मला ठावं न्हाई.”

घरी आली तेव्हा अण्णा खिडकीशी पलंगावर बसून टॉवेलानं वारा घेत होते. लेकीच्या घरी राहायचं नसतं असं म्हणणारा हा माणूस, फक्त उन्हाळ्यापुरता म्हणून आला होता आणि त्याला दोन पावसाळे होऊन गेले होते, म्हणजे जेवढे झाले तेवढे. मोहनराव अजून यायचे होते. कौसल्यानं पिंपं भरून घेतली, भांडी घासली, अण्णांना चहा दिला, स्वतः घेतला, कपबशा विसळल्या, आणि मग करायला काहीच उरलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली.

“अण्णा, एक दाखवायचंय. टीव्हीवर गायलतो आमी, ते सापडलंय.”

अण्णांनी टॉवेल खाली ठेवला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, लावला, पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला. तिनं गाणं लावलं. पोरं दिसायला लागली तसे ते एकेकाला ओळखू लागले. हा बंकट, मेल्याचे कान तवा बी असेच होते. ही इसाकभाईची. ह्यो कोन, गोविंदाचा का? “अन् असले कपडे कावून घातले रे तुमाला?” ते हसले, खोकले, डोळे पुसले. मुंगीचं कडवं आलं. अण्णांचं हसू तसंच तोंडावर राहिलं. त्यांचा हात कौसल्याच्या पाठीवर आला आणि तिथे ताल धरायला लागला, जरा चुकत, पण जोरात. गाणं संपलं. इतक्या वर्षांनी त्यांनी आपलं गाणं पाहिलं होतं आणि ते त्यांनी सांगितलं त्यापेक्षा लहान निघालं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. कौसल्याला वाटलं, बस, इथंच सोडावं. सुरैयाला सांगावं, गप बस.

“परत लाव,” अण्णा म्हणाले. तिनं लावलं. ह्या वेळी ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. “तुझ्या मायला ऐकवाय पायजे हुतं हे,” ते हळूच म्हणाले. “ती आसती तर... लई आनंद झाला आसता तिला.” मग त्यांनी पडद्यावरच्या पोरीकडे बोट केलं. “अन् कवशे, समदी पोरं समोर बघत्यात. तू कावून सारखी तिकडं बघतीस?”

कौसल्यानं पाहिलं. दुपारपासून तिनं ते किती वेळा पाहिलं होतं, पण फक्त ऐकलं होतं. पोरगी खरंच समोर बघत नव्हती. ती चौकटीच्या बाहेर, डाव्या बाजूला, कुणाच्या तरी तोंडाकडे डोळे लावून होती. ते तोंड उघडलं की हिचं उघडत होतं, ते मिटलं की हिचं मिटत होतं.

“माय उभी हुती तितं,” ती म्हणाली.

“तितं काय करत हुती?”

“मला दाखवीत हुती, कदी तोंड उघडायचं ते.” तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो कापला नाही. “अण्णा, हा आवाज माझा न्हाई. माझा गळा बसलता. मी नुसतं तोंड हलवलं. गायली ती माय.”

खाली गल्लीत कुणीतरी घागर आपटली. अण्णा पडद्याकडे बघत राहिले. पडदा काळा झाला तरी बघत राहिले. त्यांचा पाठीवरचा हात तिथेच होता, पण ताल थांबला होता.

“म्हंजी मी लोकास्नी इतकी वर्सं जे सांगत आलो...” ते म्हणाले आणि ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. ती वाट बघत होती. रागावतील, किंवा म्हणतील, आताच कशाला सांगितलंस. पण ते दुसरीकडेच कुठे तरी पोचले होते. “मुक्ता गात हुती?”

“हो.”

“असं?”

“असंच.”

“मला ठावंच न्हाई.” त्यांनी चष्मा काढला. चष्म्याविना ते एकदम फार म्हातारे आणि फार लहान दिसले. “येका घरात ऱ्हायलो बाई आमी. येका ताटात बी जेवलो. मी तिला कदी म्हनलोच न्हाई, की काई तरी म्हन म्हनून. माझ्या मनातच आलं न्हाई.”

कौसल्याला रडू फुटलं. तिला जे जाईल म्हणून भीती वाटत होती, ते गेलं होतं. अण्णांच्या गोष्टीतली मुंगी ती आता उरली नव्हती, आणि त्या जागी हलकं, मोकळं असं काहीतरी छातीत शिरलं होतं, त्याची तिला सवय नव्हती. ती काही बोलायला गेली, की तिनं कुणाला कळू दिलं नाही, की आजीची भीती होती, की ती तुमच्यासाठीच... अण्णांनी हात वर करून तिला थांबवलं.

“लाव.”

तिनं लावलं. पेटी वाजली, पोरं होडीभोवती फिरू लागली. अण्णांनी फोन तिच्या हातातून घेतला, एकवार त्या चित्राकडे पाहिलं, मग तो पालथा करून छातीवर ठेवला आणि मान मागे टेकून डोळे मिटले. चिमणीचं झालं, सरड्याचं झालं. कौसल्या हुंदका आवरत होती, आवरत नव्हता.

“तू जरा गप बस,” अण्णा म्हणाले. “तिला म्हनू दे.”